इंग्रजीचे काळ आणि स्पॅनिशची सवय

स्पॅनिश मातृभाषा असलेल्या नवशिक्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. इंग्रजी आणि स्पॅनिश उदाहरणं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : माझे विद्यार्थी ‘इज रेनिंग’, ‘इज व्हेरी डिफिकल्ट’ अशी वाक्यं करतात. कर्ता विसरू नका, असं दर तासाला सांगते. चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. काय करावं?

उत्तर : स्पॅनिशच्या हिशेबाने त्यांचं वाक्य पूर्ण असतं. ‘आब्लो’ म्हटलं की ‘मी बोलतो’, ‘आब्लास’ म्हटलं की ‘तू बोलतोस’, ‘आब्लामोस’ म्हणजे ‘आम्ही बोलतो’. कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययातच कळतो, त्यामुळे सर्वनाम फक्त जोर द्यायला किंवा दोघांत फरक दाखवायला येतं. ‘पाऊस पडतो’ हे सांगायला ‘युएवे’ हा एक शब्द पुरतो. तिथे कर्ता मुळात नाहीच. इंग्रजीत वर्तमानकाळातला एक ‘स’ सोडला तर बहुतेक क्रियापदांना असे प्रत्यय उरलेले नाहीत. म्हणून तिथे कर्त्याची जागा भरावीच लागते, नाहीतर ‘इट’ने तरी भरावी लागते.

‘आय’ आणि ‘यू’ नवशिके फारसे गाळत नाहीत. गळतो तो ‘इट’. आणि गळतात जोडवाक्याच्या दुसऱ्या भागातली सर्वनामं : ‘माय सिस्टर इज टायर्ड बिकॉज वर्क्स अ लॉट.’ बहिणीचा उल्लेख एकदा झाला, आता पुन्हा ‘शी’ कशाला, हा स्पॅनिशचा नियम इथे काम करत असतो. म्हणून सराव सुट्या वाक्यांवर न देता ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘इफ’ आणि ‘दॅट’ असलेल्या वाक्यांवर द्या. फळ्यावर प्रत्येक क्रियापदाच्या आधी एक रिकामा चौकोन काढा. वाक्यात दोन क्रियापदं असतील तर दोन चौकोन. चौकोन रिकामा राहिला की वाक्य अपुरं, एवढा एकच नियम. हवामान, वेळ, अंतर आणि ‘अमुक करणं सोपं आहे’ अशा वाक्यांची वीस-पंचवीस उदाहरणं चौकोनांसह झाली की ‘इट’ तोंडात बसायला लागतो.

आणखी एक चूक याच मुळातून येते. स्पॅनिशमध्ये कर्ता क्रियापदामागे जाऊ शकतो : ‘येगो मी एर्मानो’, म्हणजे ‘आला माझा भाऊ’. त्यावरून विद्यार्थी ‘अराइव्ह्ड माय ब्रदर’ म्हणतात. मराठीतही असं म्हणता येत असल्याने आपल्या कानाला ते फारसं टोचत नाही. तिथे सावध राहा. चौकोन क्रियापदाच्या आधी असतो, हे त्याच चित्राने दाखवता येतं.

प्रश्न : ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ शिकवल्यावर गोंधळ वाढला असं वाटतं. आधी ‘यू स्पीक इंग्लिश?’ म्हणत होते, आता ‘डिड यू वेंट?’ आणि ‘शी डझन्ट वर्क्स’ म्हणतात.

उत्तर : ही प्रगतीच आहे. ‘डिड यू वेंट’ म्हणणाऱ्याला सहायक क्रियापद लागतं हे कळलेलं आहे. काळाची खूण एकदाच लावायची, एवढंच कळायचं राहिलं आहे.

स्पॅनिशमध्ये प्रश्नासाठी वेगळं क्रियापद लागत नाही. ‘आब्लास इंग्लेस’ हे सरळ सुरात विधान असतं आणि चढत्या सुरात प्रश्न. लिहिताना प्रश्नाच्या दोन्ही टोकांना चिन्ह असतं, सुरुवातीला उलटं आणि शेवटी सुलटं, ते याचसाठी. नकारासाठी क्रियापदाआधी ‘नो’ ठेवला की झालं : ‘नो आब्लो’. म्हणून ‘आय नो स्पीक’.

व्याख्या देण्यापेक्षा कागदाच्या चिठ्ठ्या वापरा. एकीवर ‘शी’, दुसरीवर ‘वर्क’ आणि एका लहान चिठ्ठीवर फक्त ‘स’. तिन्ही ओळीने लावल्या की ‘शी वर्क्स’. आता नकार करायचा आहे. मध्ये ‘डू’ची चिठ्ठी आणा आणि ‘वर्क’ला चिकटलेला ‘स’ उचलून ‘डू’ला लावा, तो ‘डझ’ होतो. ‘वर्क’ मोकळं झालं. मग ‘नॉट’ ठेवा. प्रश्नासाठी ‘डझ’ उचलून ‘शी’च्या आधी नेऊन ठेवा. ‘स’ची चिठ्ठी एकच असल्याने ती दोन ठिकाणी लावताच येत नाही, आणि ‘डझन्ट वर्क्स’ का चुकतं ते विद्यार्थ्याला हाताने कळतं. भूतकाळासाठी ‘स’च्या जागी भूतकाळाची चिठ्ठी घ्या. ‘गो’ला लागली की ‘वेंट’, उचलून ‘डू’ला लावली की ‘डिड’, आणि खाली पुन्हा साधा ‘गो’. ऑनलाइन तासाला हेच पडद्यावर सरकवता येतं, पण चिठ्ठी विद्यार्थ्यालाच सरकवू द्या.

यानंतर ‘डू यू आर रेडी?’ ही चूक हमखास येते, कारण नवीन नियम ते सगळीकडे लावून पाहतात. ‘बी’ या क्रियापदाला ‘डू’ लागत नाही, ते स्वतःच जागा बदलतं, हे तेव्हा सांगा. ‘हू लिव्ह्ज हिअर?’सारखे, कर्त्याबद्दलच विचारणारे आणि ‘डू’शिवायचे प्रश्न त्या आठवड्यात काढूच नका. दुहेरी नकार मात्र लगेच हाताळायला हवा. ‘नो तेंगो नादा’ हे शुद्ध स्पॅनिश आहे, म्हणून ‘आय डोन्ट हॅव नथिंग’ येतं. आपणही ‘माझ्याकडे काहीच नाही’ म्हणतो. प्रमाण इंग्रजीत नकार एकदाच : ‘डोन्ट’ असेल तर पुढे ‘एनिथिंग’.

प्रश्न : माझ्या एका गटात मेक्सिकोचे आणि स्पेनचे विद्यार्थी एकत्र आहेत. प्रेझेंट परफेक्ट शिकवलं. स्पेनचे ते नको तिथे वापरतात, मेक्सिकोचे हवं तिथेही वापरत नाहीत. एकच भाषा असून असं का?

उत्तर : तुमचं निरीक्षण अचूक आहे, आणि इथे जरा थांबून समजून घेतलं तर पुढचे कितीतरी तास वाचतील.

स्पॅनिशमध्येही ‘हॅव’सारखं सहायक क्रियापद आणि पुढे भूतकाळवाचक धातुसाधित, अशी रचना आहे : ‘ए कोमिदो’, शब्दाला शब्द लावला तर ‘आय हॅव ईटन’. घडण सारखी असल्याने विद्यार्थ्याला वाटतं की वापरही सारखाच असणार. स्पेनच्या बहुतेक भागांत आज, या आठवड्यात, या वर्षी घडलेल्या गोष्टीसाठी हीच रचना येते. सकाळी ७ वाजता उठलो हे सांगतानाही तिथला माणूस ‘ओय मे ए लेवान्तादो आ लास सिएते’ म्हणतो. त्याचंच इंग्रजी होतं ‘टुडे आय हॅव गॉट अप ॲट सेव्हन’, आणि ते चूक आहे. लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात संपलेली घटना आजची असली तरी साधा भूतकाळ येतो : ‘या कोमिस्ते?’, म्हणजे ‘जेवलास का?’ स्पेनच्या वायव्येकडच्या गालिसिया आणि आस्तुरियासमध्येही साध्या भूतकाळाकडेच कल आहे. त्यामुळे ‘स्पेनचा विद्यार्थी’ एवढ्यावरूनही पूर्ण अंदाज बांधू नका.

मेक्सिकोच्या विद्यार्थ्याने ‘डिड यू ईट ऑलरेडी?’ म्हटलं तर लाल रेघ मारण्याआधी तो कुठल्या इंग्रजीची तयारी करतोय ते विचारा. अमेरिकी बोलण्यात हे सहज चालतं. ब्रिटिश वळणात आणि त्या वळणाच्या परीक्षेत ‘हॅव यू ईटन यट?’ अपेक्षित असतं.

दोघांनाही एकच कसोटी द्या : वाक्य ‘केव्हा?’ या प्रश्नाचं ठाम उत्तर देत असेल तर साधा भूतकाळ. ‘यस्टर्डे’, ‘ॲट सेव्हन’, ‘इन २०१९’, ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड’ यांपैकी काहीही आलं की ‘हॅव’ बाहेर. घटना आजची आहे की दहा वर्षांपूर्वीची, याने फरक पडत नाही. ‘धिस मॉर्निंग’ तेवढं नाजूक आहे. सकाळ अजून चालू असेल तर ‘आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग’ चालेल, संध्याकाळी बोलत असाल तर ‘आय सॉ हिम’.

सरावासाठी दोन वाक्यांची जोडी सगळ्यांत उपयोगी. पहिलं वाक्य बातमी देतं, दुसरं तपशील : ‘आय हॅव लॉस्ट माय की. आय लॉस्ट इट ऑन संडे.’ किंवा ‘हॅव यू एव्हर बीन टू पेरू?’ – ‘येस, आय वेंट इन २०१९.’ खऱ्या संभाषणात काळ असाच दुसऱ्या वाक्याला बदलतो. सुटी वाक्यं भरून घेतली तर हा बदल विद्यार्थ्याच्या नजरेला पडतच नाही.

आता दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांना सारखीच नडणारी चूक : ‘आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स.’ स्पॅनिशमध्ये चालू असलेल्या गोष्टीला वर्तमानकाळच लागतो, ‘बीबो आकी देस्दे आसे त्रेस आन्योस’. मराठीतही ‘मी तीन वर्षांपासून इथे राहतो’ असंच आहे, त्यामुळे ही चूक आपल्या कानावरून सरकून जाते. योग्य वाक्य : ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स.’ नुसता ‘देस्दे’ म्हणजे सुरुवातीचा बिंदू, तिथे ‘सिन्स’. ‘देस्दे आसे’ म्हणजे मोजलेला अवधी, तिथे ‘फॉर’. आणि एकटा ‘आसे’ साध्या भूतकाळाबरोबर आला की त्याचा अर्थ ‘अगो’. एकच ‘आसे’ इंग्रजीत कधी ‘फॉर’ तर कधी ‘अगो’ होत असल्यामुळे ‘आय केम सिन्स थ्री इयर्स’ आणि ‘अगो थ्री इयर्स’ अशा दोन्ही चुका दिसतात. ‘अगो’ नेहमी अवधीच्या मागे, हे वेगळं सांगावं लागतं.

प्रश्न : काळांची नावं इंग्रजीत सांगावी की स्पॅनिशमध्ये? मी ‘परफेक्ट’ म्हटलं की वर्गात प्रत्येकजण वेगळंच समजतो.

उत्तर : समजणारच. स्पेनमध्ये ‘आब्ले’, म्हणजे इंग्रजीतल्या साध्या भूतकाळासारख्या रूपाला, ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो सिंप्ले’ म्हणतात, आणि ‘ए आब्लादो’ला ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो कोम्पुएस्तो’. दोन्हींत ‘पेर्फेक्तो’ आहेच. मेक्सिकोत शाळेपासून ‘प्रेतेरितो’ (‘आब्ले’), ‘कोप्रेतेरितो’ (‘आब्लाबा’, म्हणजे ‘बोलत होतो’ किंवा ‘बोलायचो’), ‘आन्तेप्रेसेन्ते’ (‘ए आब्लादो’) ही नावं ओळखीची असतात; ती आंद्रेस बेल्यो यांनी चिलीमध्ये १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणातून रुळली. तेव्हा नावांच्या वाटेला जाऊच नका. ‘आब्ले’, ‘आब्लाबा’, ‘ए आब्लादो’ या रूपांनाच नाव समजा. ‘तुमचं आब्लाबा इथे येईल का?’ असं विचारलं की कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला नेमकं कळतं.

प्रश्न : ‘यूज्ड टू’ आणि ‘वॉज गोइंग’ यांतला फरक सांगूनही माझे विद्यार्थी प्रत्येक जुन्या सवयीला ‘वॉज’ लावतात. उलट ‘आय यूज टू गेट अप ॲट सेव्हन’ हे आजच्या सवयीबद्दल म्हणतात.

उत्तर : पहिल्या चुकीचं कारण ‘आब्लाबा’सारखं रूप. मराठीत ‘जायचो’ आणि ‘जात होतो’ ही वेगळी रूपं आहेत, म्हणून हा फरक आपल्याला सोपा वाटतो. स्पॅनिशचं ‘इबा’ दोन्ही कामं करतं. शिवाय ‘होतं’, ‘माहीत होतं’, ‘हवं होतं’ अशा स्थितीही त्याच रूपात येतात. म्हणजे एका स्पॅनिश रूपाचे इंग्रजीत तीन वाटे करावे लागतात. सवय असेल तर ‘वी यूज्ड टू गो’. त्या क्षणी चालू असलेली क्रिया असेल तर ‘वी वेअर गोइंग’. स्थिती असेल तर साधा भूतकाळ, ‘आय वॉन्टेड’, ‘आय न्यू’, ‘आय हॅड अ डॉग’. ‘आय वॉज हॅविंग अ डॉग’ ही चूक तिसरा वाटा शिकवायचा राहिला की होते, आणि बहुतेक वेळा राहतो तोच.

याच ठिकाणी ‘कोनोसेर’ हे क्रियापद सांभाळा. त्याचं ‘कोनोसीआ’ म्हणजे ओळखत होतो आणि ‘कोनोसी’ म्हणजे पहिल्यांदा भेटलो. इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं लागतात, ‘न्यू’ आणि ‘मेट’. ‘आय न्यू माय वाइफ इन २०१०’ म्हणणाऱ्याला ‘मेट’ म्हणायचं असतं.

दुसरी चूक ‘सुएलो’मुळे. ‘सुएलो लेवान्तार्मे आ लास सिएते’ म्हणजे ‘मी सहसा ७ ला उठतो’. या ‘सुएलो’ला इंग्रजीत क्रियापद शोधायला गेलं की ‘यूज टू’ हाती लागतं. त्याला ‘यूज्वली’ द्या : ‘आय यूज्वली गेट अप ॲट सेव्हन.’ ‘यूज्ड टू’ फक्त सुटलेल्या सवयीसाठी.

प्रश्न : ‘विल’, ‘गोइंग टू’ आणि प्रेझेंट कंटिन्युअस यांत भविष्यकाळासाठी सुरुवात कशाने करू?

उत्तर : ‘गोइंग टू’ने. ‘बोय आ एस्तुदियार’ची बांधणी जवळपास तीच आहे. फक्त ‘बोय’ साधा वर्तमानकाळ असल्याने ‘आय गो टू स्टडी’ निघतं. ‘आय ॲम गोइंग टू’ एका दमात म्हणायला लावा.

नंतर ‘विल’ घ्या, पण मुख्यतः बोलता बोलता घेतलेल्या निर्णयासाठी आणि मदत देऊ करताना. स्पॅनिशमध्ये तिथे साधा वर्तमानकाळ येतो, ‘ते यामो मान्याना’, म्हणून विद्यार्थी ‘आय कॉल यू टुमारो’ म्हणतात. हवं ते : ‘आय’ल कॉल यू.’ ‘खिडकी उघडू का?’ हेही ‘डू आय ओपन द विंडो?’ होऊन येतं; तिथे ‘शॅल आय’ द्या. आधीच ठरलेल्या भेटीगाठींसाठीचं ‘आय ॲम मीटिंग हर ऑन फ्रायडे’ सगळ्यांत शेवटी, कारण स्पॅनिशमध्ये चालू वर्तमानकाळ असा भविष्याकडे सहसा वळत नाही. ‘जेव्हा’ या अर्थाच्या ‘व्हेन’नंतर ‘विल’ येत नाही, हे मात्र लवकर सांगा. तिथे स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं खास रूप येतं, त्याच्या तोडीचं काहीतरी शोधताना ‘व्हेन आय विल अराइव्ह’ तयार होतं.

प्रश्न : काही चुका रोजच ऐकू येतात : ‘आय हॅव ट्वेंटी इयर्स’, ‘आय ॲम अग्री’, ‘पीपल इज’, ‘आय कॅन टू स्विम’, ‘आय वॉन्ट दॅट यू कम’. प्रत्येकीवर वेगळा तास घ्यावा का?

उत्तर : नको. वय, भूक, तहान, थंडी, भीती, घाई, झोप आणि ‘तुझं बरोबर आहे’ हे सगळं स्पॅनिशमध्ये ‘तेनेर’ने, म्हणजे ‘जवळ असणे’ या क्रियापदाने सांगतात. इंग्रजीत ‘बी’ने. यादी एकदाच एकत्र द्या. ‘अग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘ॲम’ नको. ‘ला हेन्ते’ स्पॅनिशमध्ये एकवचनी, ‘पीपल’ अनेकवचनी. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांच्यामागे ‘टू’ येत नाही. या चौघींना तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं पुरतात.

‘वॉन्ट दॅट’ खोलातली आहे. ‘क्येरो के बेंगास’ या रचनेला इंग्रजीत ‘आय वॉन्ट यू टू कम’ असा वेगळाच साचा आहे, तो तयार वाक्य म्हणूनच पाठ करून घ्या. का, ते नंतर समजेल.

प्रश्न : लिहिताना माझे विद्यार्थी भूतकाळ बरोबर लिहितात, बोलताना मात्र ‘वर्केड’, ‘वॉचेड’ म्हणतात किंवा शेवट गिळून टाकतात. ‘ही वर्क’ म्हणतात तेव्हा व्याकरण येत नाही की उच्चार, हेच कळत नाही.

उत्तर : आधी ते तपासा. तेच वाक्य लिहायला सांगा. ‘ही वर्क्स’ बरोबर लिहिलं तर अडचण जिभेची आहे आणि व्याकरणाचा तास वाया जाईल.

स्पॅनिश शब्द बहुतेक स्वराने किंवा एकाच व्यंजनाने संपतो. ‘क्ट’, ‘क्स’, ‘च्ट’ असे जोड शेवटी येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. मग विद्यार्थी मध्ये स्वर घालतो किंवा एक व्यंजन सोडतो. शब्दाच्या सुरुवातीला ‘स्पीक’चं ‘एस्पीक’ होतं, तेही अशाच कारणाने. कॅरिबियन प्रदेशात आणि दक्षिण स्पेनमध्ये स्पॅनिशमधलाही अक्षराच्या शेवटचा ‘स’ बोलताना विरतो. तिथल्या विद्यार्थ्यांचा तृतीय पुरुषी ‘स’ जास्त गळताना दिसेल.

नियम छोटा आहे. धातू ‘ट’ किंवा ‘ड’ ध्वनीने संपत असेल तरच जादा अक्षर उच्चारायचं : ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. ‘प’, ‘क’, ‘फ’, ‘स’, ‘श’, ‘च’ अशा अघोष ध्वनीनंतर नुसता ‘ट’ : ‘स्टॉप्ट’, ‘वर्क्ट’, ‘वॉच्ट’. बाकी सगळीकडे ‘ड’ : ‘प्लेड’, ‘लिव्ह्ड’. ‘ट’ आणि ‘ड’मधला फरक नवशिक्याकडून घोटून घेऊ नका, समोरच्याला अर्थ कळतो. ‘वर्केड’, ‘वॉचेड’मधलं जादा अक्षर मात्र गेलंच पाहिजे.

त्यासाठी शब्द सुटा म्हणायला लावू नका. पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडा : ‘वर्क्ट इन’, ‘स्टॉप्ट ॲट’, ‘वॉच्ट इट’. शेवटचा ‘ट’ पुढच्या स्वराला चिकटून ‘वर्क-टिन’, ‘स्टॉप-टॅट’, ‘वॉच-टिट’ असा सुटा होतो. स्पॅनिश बोलताना ते असंच व्यंजन पुढे ढकलतात, ‘लोस ओत्रोस’चं ‘लो-सो-त्रोस’ होतं, त्यामुळे हे त्यांना लगेच जमतं. ‘स’साठीही तेच : ‘वर्क्स इन’, ‘लिव्ह्ज ॲट’. आठ-दहा जोड्या रोज दोन मिनिटं, आधी हळू, मग बोलण्याच्या वेगाने. त्या नीट यायला लागल्या की पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होणारा घ्या, ‘वर्क्ट हार्ड’, ‘वॉच्ट मूव्हीज’, आणि अगदी शेवटी वाक्याच्या टोकाला एकटं ‘वर्क्ट’.